पेनड्राइव्हवरून आलेले पॅकेज

विदर्भात 'पॅकेज' हा शब्द उच्चारला की लोक हसतात. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि तेव्हापासून हा शब्द आमच्या कानांवर इतक्यांदा पडला की त्याला अर्थच उरला नाही. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात अभ्यासिकेच्या कमिटीपुढे मी "पॅकेज आणायला जरीपटक्याला जातोय" असे म्हणालो, तेव्हा एक बुजुर्ग सदस्य म्हणाले, "मियाँ, आधी जीआर दाखवा!"

मी सांगत होतो ते पॅकेज वेगळे होते. लिनक्स या संगणकप्रणालीत जी काही सॉफ्टवेअर्स घालायची असतात ती 'पॅकेज' या नावाने बांधून ठेवलेली असतात. साधारणपणे ती इंटरनेटवरून थेट संगणकात उतरतात. आमच्या अभ्यासिकेत इंटरनेट नाही. म्हणून ती दुसरीकडे उतरवून, पेनड्राइव्हमध्ये भरून, रिक्षाने आणायची होती. हे सगळे तांत्रिक वाटेल, पण मला जे म्हणायचे आहे ते फक्त तंत्राबद्दल नाही. म्हणून थोडे सोसा.

आमची अभ्यासिका म्हणजे टेका नाक्याकडच्या एका इमारतीचा पहिला मजला. सहा संगणक आहेत, सगळे कुठल्या ना कुठल्या कार्यालयाने मोडीत काढलेले. दुपारी मुली टायपिंगचा सराव करतात, संध्याकाळी मुले येतात. क्लर्क-टायपिस्टच्या जाहिरातीत मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट अशी अट असते. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या आमच्या मुलींना मराठी बोलता येते, वाचताही येते. पण 'ज्ञ' कुठल्या कळीवर आहे आणि रफार कसा चढवायचा, हे बोटांना माहीत नसते. बोटांना ते रोज तासभर बसूनच कळते. घरी संगणक नसलेल्या मुलीसाठी हे सहा खटारे म्हणजे नोकरीची एकुलती एक पायरी आहे. मराठी मुसलमानांनी मराठीत यावे, मराठीत लिहावे, सरकारी नोकऱ्यांत दिसावे, यावर आम्ही परिसंवाद भरवतो. त्या मुलीला कळफलक कोण देणार, हा प्रश्न मात्र परिसंवादाच्या विषयपत्रिकेवर नसतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रांत दोन्ही नाही. खरे सांगायचे तर आमच्या यंत्रांवरचे विंडोज कधी विकत घेतलेलेच नव्हते. कुणीतरी कधीतरी 'क्रॅक' मारून दिले होते. पडद्याच्या कोपऱ्यात ते विकत घ्यायची आठवण करून देत राहायचे, आणि मुलांनी तिथे कागदाचा तुकडा चिकटवला होता. एका यंत्रात असा विषाणू बसला होता की पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फायली शॉर्टकट होऊन जात. एका मुलीचा बायोडेटा त्यातच गेला.

यावर कमिटीत दोन मते पडली. एक, सहाही यंत्रे भंगारात द्यावीत. दोन, पुन्हा एकदा क्रॅक मारून घ्यावा. मी तिसरे मांडले.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल आपल्या समाजात एक सोयीस्कर मौन आहे. व्याजाबद्दल तासभर बोलणारा माणूस चोरीच्या विंडोजवर बसून तकरीर टाइप करतो आणि त्याला काहीच खटकत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखनाचे, शोधाचे आणि व्यापारी नावाचे हक्क हे शरियतच्या दृष्टीने जपण्याजोगे हक्क आहेत असा ठराव केला, त्यालाही आता चाळीस वर्षे होत आली. गरिबाने काय करावे, हा उलट प्रश्न मला मान्य आहे. हजारो रुपयांचा परवाना सहा यंत्रांसाठी आम्ही घेऊ शकत नाही. पण चोरी आणि खरेदी यांच्यामध्ये तिसरी वाट असताना आम्ही तिकडे पाहत नाही, हे मला मान्य नाही.

ती वाट आपल्या परंपरेला परकीही नाही. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरचा परवाना असा असतो की ते कुणीही वापरावे, पाहावे, बदलावे, वाटावे, आणि जीपीएलसारख्या परवान्याखाली एकदा दिलेले परत घेता येत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये हा परवाना लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वक्फ नक्कीच नव्हता. पण मला तो वाचताना वक्फच आठवतो: मूळ मालमत्ता अडकवून ठेवायची, फळ सगळ्यांचे. फरक एवढाच की इथे मुतवल्लीने घोटाळा केला तर लोक तीच जमीन जशीच्या तशी उचलून शेजारी नेऊ शकतात. आपल्या वक्फच्या जमिनींना ही सोय असती तर अर्धे वाद मिटले असते. असो.

तर डेबियन घ्यायचे ठरले. इयन मर्डॉक या तरुणाने ऑगस्ट 1993 मध्ये सुरू केलेली आणि जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली ही लिनक्सची एक शाखा. आमच्या सहापैकी दोन यंत्रे 32 बिटची, म्हणजे फारच जुनी. ऑगस्ट 2025 मध्ये आलेले डेबियन 13 त्यांच्यावर बसत नाही. म्हणून सगळ्यांसाठी आधीचे डेबियन 12.

जुन्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी लिनक्स नेटवरून येतच नसे, ते सीडीवरून येई. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने 1996 मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, त्यामागे अतुल चिटणीस होते. पुढे 2003 पासून 'लिनक्स फॉर यू' निघाले, त्याच्याही सोबत सीडी असे. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुने अंक मिळत. मी अंक सीडीसाठी घ्यायचो आणि मजकूर नंतर वाचायचो. उबुंटूवाले तर 2005 पासून 2011 पर्यंत मागणाऱ्याला घरपोच फुकट सीडी पाठवत. 'साबिली' नावाचे मुस्लिम वापरकर्त्यांसाठी बांधलेले उबुंटूही होते, नमाजच्या वेळा आणि कुरआन वाचनाच्या सोयीसह. 2011 नंतर ते थांबले. तेव्हा घरात नेट नसणे ही लाजेची गोष्ट नव्हती, उलट नेट नसणार हे गृहीत धरूनच माल बांधला जाई. मग डेटा स्वस्त झाला आणि ज्याच्याकडे सतत नेट नाही त्याचा विचार करणे जगाने सोडून दिले. आज एखादे सॉफ्टवेअर 'इन्स्टॉल' करायला घेतले तर जी फाइल हातात येते ती बऱ्याचदा नुसता निरोप्या असतो. खरा माल तो नंतर नेटवरून ओढतो.

माझ्या फोनला रोजचा दीड जीबी मिळतो. डेबियनची पहिली डीव्हीडी चार जीबीच्या आसपास. म्हणून मी जरीपटक्यातल्या त्या दुकानात गेलो जिथे मी पंधरा वर्षांपासून संगणक दुरुस्त करून घेतो. त्यांच्याकडे फायबरची लाइन आहे.

जरीपटका हे मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचे नाव. त्या नावाच्या वस्तीत फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे येऊन वसली आणि त्यांनी शून्यातून बाजार उभा केला. आमच्या मोहल्ल्यापासून ती वस्ती फार लांब नाही, पण मार्च 2025 नंतर थोडी लांब गेल्यासारखी वाटते. 17 मार्चच्या रात्री महालमध्ये जे झाले, त्यानंतर शहरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रमजान चालू होता. संचारबंदी उठली, पण आमच्याकडच्या काही जणांनी आपले बाजार बदलले ते बदललेच. मी बदलला नाही. त्यात काही शौर्य नाही, दुसरा कुणी माझा मदरबोर्ड इतक्या कमी पैशात दुरुस्त करत नाही.

"लिनक्स कौन मांगता है भाई?" दुकानदार म्हणाले. पण लाइन वापरू दिली.

पहिल्या खेपेला मी साफ फसलो, आणि ही फसगत इतकी सार्वत्रिक आहे की ती सांगायलाच हवी. लिनक्सचे पॅकेज एकटे येत नाही. ते नवरदेवासारखे असते: एकाला बोलवा, मागून वऱ्हाड येते. व्हीएलसी हा साधा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम, पण त्याला आवाजासाठी एक लायब्ररी लागते, चित्रासाठी दुसरी, त्या दोघींना आणखी चार. याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. मी माझा घरचा लॅपटॉप दुकानात नेला, त्यावरून 'फक्त उतरव, बसवू नकोस' असा हुकूम दिला आणि आलेल्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन विजयी वीरासारखा परतलो. अभ्यासिकेतल्या यंत्राने एकही स्वीकारली नाही. कारण दोन. माझ्या लॅपटॉपवर निम्मे वऱ्हाड आधीच मुक्कामाला होते, म्हणून त्याने उरलेलेच पाहुणे उतरवले. ज्या यंत्राकडे काहीच नव्हते त्याचा त्याने विचार केला नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, तिथे डेबियन. भाऊबंद असले तरी एकाचे कपडे दुसऱ्याला होत नाहीत.

मला हा धडा यंत्रांपुरता वाटत नाही. ज्याच्याकडे आधीच खूप काही आहे तो 'मला एवढेच लागले' असे म्हणून यादी करून देतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे त्या यादीने भागत नाही. गरीब वस्तीतल्या शाळांना वाटलेली टॅबलेटे कपाटात का पडून राहतात, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

बरोबर पद्धत उलटी आहे. यादी त्या यंत्राने करायची ज्याला गरज आहे. यासाठी 'अ‍ॅप्ट-ऑफलाइन' नावाचे एक छोटे साधन आहे, आणि ते रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकाने लिहिले आहे. वीजही भरवशाची नाही आणि नेटही नाही, अशा देशातल्या माणसालाच हे सुचावे, याचे मला नवल वाटत नाही. काम तीन टप्प्यांत होते. नेट नसलेल्या यंत्रावर सांगायचे की मला अमुक अमुक हवे. ते यंत्र आपल्याकडे काय आहे, काय नाही हे पाहून एक छोटी चिठ्ठी लिहून देते. ती चिठ्ठी पेनड्राइव्हवरून नेट असलेल्या कुठल्याही यंत्राकडे न्यायची. ते विंडोज असले तरी चालते, फक्त त्यावर पायथन हवे. ते यंत्र चिठ्ठीबरहुकूम सगळे गोळा करून एक गाठोडे बांधते. गाठोडे परत आणून पहिल्या यंत्रात सोडायचे. अडचण एकच: हे साधन स्वतःच एक पॅकेज आहे, ते पहिल्यांदा हाताने न्यावे लागते. आणि पहिल्या फेरीत नुसत्या ताज्या याद्या आणाव्या लागतात, माल दुसऱ्या फेरीत. 64 बिट आणि 32 बिटच्या चिठ्ठ्या वेगळ्या. म्हणजे जरीपटक्याला माझ्या तीन-चार चकरा झाल्या. ज्यांना आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्यांच्यासाठी 'सिनॅप्टिक' हा खिडक्यांचा कार्यक्रम आहे, तोही अशीच उतरवण्याची यादी काढून देतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने असे धडे मराठीतही केले आहेत, आणि ते ऑफलाइन पाहण्यासाठी एकत्र उतरवूनही घेता येतात. आमच्या दोन मुलींनी तिथूनच शिकून घेतले. आता चिठ्ठी त्या काढतात, मी फक्त हमाल.

गाठोड्यात साडेतीनशेच्या आसपास फायली होत्या, सगळे मिळून 700 एमबीच्या आत. म्हणजे जुन्या एका सीडीत मावले असते. टायपिंग शिकवणारे क्लाव्हारो, ज्यात कळफलक आपला आपण बसवता येतो. लिबरऑफिसचा मराठी चेहरा. देवनागरीचे लोहित फॉन्ट. उर्दूसाठी नोटोचे नस्तालीक. विकिपीडिया नेटशिवाय वाचायला किविक्स. एक यंत्र तरीही अडून बसले. म्हणे, ही यादी 'अजून वैध झालेली नाही'. बराच वेळ डोके खाजवले. मग लक्षात आले की त्याच्या आतली बटणाएवढी बॅटरी मेली होती आणि त्याच्या लेखी 2009 साल चालू होते. भविष्यातून आलेल्या मालावर कोण विश्वास ठेवणार? तीस-चाळीस रुपयांची बॅटरी, प्रश्न मिटला.

याच विश्वासाच्या मुद्द्यावर कमिटीतल्या एका मौलाना साहेबांनी मला अडवले होते, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. "परक्याच्या दुकानातून, परक्याच्या मशीनवरून, पेनड्राइव्हमध्ये आलेली चीज. आत काय घातले असेल ते आपल्याला काय ठाऊक?" मी त्यांना त्यांच्याच विद्येचे उदाहरण दिले. हदीस मान्य करण्याआधी इस्नाद पाहतात, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले ही साखळी. साखळीतला एकही माणूस कच्चा निघाला तर रिवायत कमजोर. डेबियनमध्येही साखळी आहे. सगळ्या पॅकेजेसची एक यादी असते, यादीत प्रत्येक फाइलचा ठसा असतो, आणि ज्या कागदावर त्या यादीचा ठसा असतो त्यावर डेबियनची सही असते. ती सही ओळखणारी किल्ली आपल्या यंत्रात आधीच बसलेली असते. फरक असा की हदीसमध्ये वाहकाचे चारित्र्य तपासतात, इथे वाहक कोण याला महत्त्वच नाही. दुकान कुणाचेही असो, पेनड्राइव्ह कुणाच्याही खिशातून येवो, फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा जुळणार नाही आणि यंत्र माल नाकारेल. मौलाना साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "और पहली किल्ली कहाँ से आई?" त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. पहिली डीव्हीडी तपासून घ्यावीच लागते, तिचा ठसा डेबियनच्या संकेतस्थळाशी ताडून पाहावा लागतो. मी तो ताडला होता. आणि एक इशारा: कुणी सुटी पॅकेज-फाइल हातात दिली आणि तुम्ही ती थेट बसवली, तर ही सही तपासली जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या सुट्या फाइलला इस्नाद नसते. मोहल्ल्यातल्या फोनांत जी एपीके फिरतात त्यांनी किती जणांची खाती रिकामी केली, ते विचारून पाहा.

आता नेट का नाही, ते. कनेक्शन होते. बिल थकले म्हणून तुटले, हे एक कारण. दुसरे कारण कुणी कागदावर लिहीत नाही: कमिटीतल्या काहींना ते तुटले ते बरे झाले असे वाटते. नेट आले की मुले बिघडतात, मुली बोलू लागतात, फितना होतो. माझी ही सगळी पेनड्राइव्हची खटपट पाहून त्यांच्यातले एक खूश होऊन म्हणाले, "देखा, नेट के बगैर भी काम चलता है!" मला ते ऐकून वाईट वाटले. मी जे करतो आहे ते नेट नाकारण्यासाठी नाही. घरात पाण्याची टाकी असावी असे म्हणणारा माणूस नळ तोडा असे म्हणत नसतो. मुलींनी काय पाहावे हे ठरवण्याचा हक्क बिल न भरून मिळवता येत नाही. त्या दिवशी मी बैठकीत हे बोललो, आवाज जरा चढलाच.

पण टाकी हवीच. कारण नळ आपल्या हातात नसतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत इंटरनेट बंद झाले, जून 2023 मध्ये कोल्हापुरात. काश्मीरमध्ये 5 ऑगस्ट 2019 ला ते गेले, आणि वेगवान 4जी सगळीकडे परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात 10 जानेवारी 2020 ला सांगितले की बेमुदत बंदी चालणार नाही, प्रत्येक आदेश जाहीर करावा लागेल. चांगला निकाल आहे. पण निकालाने परीक्षेचा अर्ज भरला जात नाही. दंगल कुणीही करो, बंदीचा पहिला फटका त्याला बसतो ज्याच्याकडे घरी काहीच साठवलेले नसते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायची गरज नसावी. संचारबंदीची अफवा आली की आपल्या आया पीठ, तेल, दूध पावडर भरून ठेवतात. त्यांना ते कुणी शिकवलेले नसते. मग अभ्यासाचे सामान का भरून ठेवू नये?

क्युबात हे केव्हाच झाले. तिथे नेट महाग आणि दुर्मीळ होते तेव्हा दर आठवड्याला एक टेराबाइटच्या आसपासचे 'एल पाकेते', म्हणजेच 'पॅकेज', हार्ड डिस्कवरून घरोघर फिरायला लागले. त्यात मालिका आणि गाणी जास्त, सॉफ्टवेअर कमी. पण वाटपाचे जाळे माणसांचे होते. आपल्याकडे माणसांचे जाळे आहे, मशिदी आहेत, वाचनालये आहेत, दर जुम्म्याला एकत्र येणारी माणसे आहेत. नागपूर, कामठी, अमरावती, अकोला, मालेगाव, भिवंडी, प्रत्येक शहरात एका वाचनालयाने दोन टेराबाइटची एक हार्ड डिस्क ठेवावी: डेबियनची पॅकेजेस, मराठी आणि उर्दू विकिपीडिया, स्पोकन ट्यूटोरियलचे धडे, जुन्या प्रश्नपत्रिका. महिन्यातून एकदा कुणीतरी ती ताजी करावी. नेट नसलेल्या यंत्रालाही सुरक्षेची डागडुजी लागते, कारण पेनड्राइव्ह हेच त्याचे दार असते. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्यानंतरचा दिवस ठरवला आहे. त्या डिस्कवरून कुणीही, कुठल्याही धर्माच्या माणसाने, फुकट भरून न्यावे. एखाद्या जलशाला जेवढा मंडप-खर्च येतो त्याच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

दुकानात त्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती सांगायची राहिली. दुकानदारांचे वडील, त्यांना सगळे दादा म्हणतात, नव्वदीच्या आसपासचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून माझे उद्योग पाहत असत. लहानपणी सिंधहून आले. त्यांना सिंधी अरबी लिपीतच वाचता येते, ती 52 अक्षरांची, चार-चार टिंबांची लिपी. सिंधी 1967 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण इथल्या नव्या पिढीत देवनागरीही चालते आणि लिपी मुळी नकोच, हेही चालते. दुकानदारांना स्वतःला ती लिपी येत नाही. माझ्या पडद्यावर नस्तालीक उमटले तसे दादा खुर्ची ओढून पुढे आले. "इसमें हमारी सिंधी आती है क्या, बेटा?"

कळफलक लिनक्समध्ये मुळातच होता. दुकानातल्या एका जुन्या यंत्रावर मी तेच गाठोडे सोडले, त्यातला नोटोचा नस्ख फॉन्ट बसला, आणि आधी जिथे चौकटी दिसत होत्या तिथे चार टिंबे दिसू लागली. दादांनी एका बोटाने, फार वेळ लावून, एक शब्द टाइप केला. तो त्यांच्या गावाचे नाव होता. मुलाने तो वाचायचा प्रयत्न केला, जमले नाही. मी उर्दूच्या जोरावर अर्धा वाचला.

पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत आता एक नवी ओळ आहे. टेसरॅक्ट हा छापील अक्षरे ओळखून मजकूर करणारा कार्यक्रम, त्याची मराठीची, उर्दूची आणि सिंधीची पॅकेजेस डेबियनमध्ये आहेत. दादांकडे एका ट्रंकेत जुनी सिंधी मासिके आहेत, ती स्कॅन करायची आहेत. आमच्या मुलींपैकी एक स्कॅनिंग करायला तयार आहे. तिच्या घरी अजून विचारायचे आहे, कारण जरीपटक्याला जावे लागेल. नेटच्या बिलाचा विषय कमिटीने पुन्हा पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.